परसातली दुर्बीण आणि आपलं हरवत चाललेलं आकाश

मी आकाशाचे फोटो काढतो म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. "नासा करतंय की ते, तुम्ही कशाला रात्रभर जागता?" याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

अँड्र्यू कॉमन हे पेशाने सांडपाणी-व्यवस्थेचे इंजिनिअर. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये घराच्या बागेत त्यांनी ३६ इंची दुर्बीण उभी केली. १८८३ साली तिच्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, तर काचेवर असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते! डोळा प्रकाश साठवू शकत नाही, फोटोची काच साठवते. पुढे आयझॅक रॉबर्ट्स या हौशी माणसाने, हे मूळचे बांधकाम ठेकेदार, १८८८ मध्ये देवयानीचा फोटो काढला. धुरकट ठिपक्यात चक्क सर्पिल आकार दिसला. त्यांना वाटलं, नवी सूर्यमाला तयार होतेय. ती आपल्यासारखीच वेगळी दीर्घिका आहे, हे १९२३ नंतर हबल यांच्या निरीक्षणांतून पटलं. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात.

आणि कॉमन यांची ती दुर्बीण? ती विकली गेली आणि शेवटी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत पोचली. तिथे कीलर यांनी तिच्यातून फोटो काढले, तेव्हा असे सर्पिल मेघ आकाशात किती प्रचंड संख्येने आहेत ते कळलं. म्हणजे बागेतली दुर्बीणच मोठ्या विज्ञानाच्या कामी आली.

आपणही मागे नव्हतो बरं का. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा झाली. प्रा. कावसजी नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपलं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण हौस संपली नाही. १९४४ मध्ये पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली.

हौशी लोकांचं काम आजही संपलेलं नाही. २००९ मध्ये गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा डाग सर्वांत आधी दिसला तो ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांना, स्वतःच्या घरच्या दुर्बिणीतून. मोठ्या दुर्बिणींना वेळ वाटून द्यावा लागतो. आपण मात्र रोज गुरूकडे बघू शकतो.

आता मुद्द्याचं. ग्रहांचे फोटो गावातूनही निघतात, कारण ग्रह झगझगीत असतात. व्हिडिओतल्या हजारो फ्रेम्समधून चांगल्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. दीर्घिकांचं तसं नाही. त्यांचा प्रकाश इतका फिका असतो, की चौकातला एक हायमास्ट तो गिळून टाकतो.

दिवे नकोत असं मी म्हणत नाही. रात्री रस्त्यावर उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडू द्या की, आभाळात कशाला? पेंचमध्ये हे करून दाखवलंय. आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं.

पुढच्या ग्रामसभेत दिव्यांचा विषय निघेल तेव्हा एवढंच विचारा: दिव्याला वरून झाकण आहे का? बिलही वाचेल आणि पोरांना देवयानीही दिसेल.