प्रायश्चित्तकाळ : नव्या आरंभापूर्वी जुन्या देण्याची परतफेड



राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेतली की ख्रिस्तसभेच्या प्रायश्चित्तकाळास आरंभ होतो. पुनरुत्थान सणाच्या पूर्वरात्री आपण हाती पेटती मेणबत्ती घेऊन स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करतो. सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा आणि त्याच्या फसव्या वैभवाचा त्याग केल्याचे सर्वांसमक्ष सांगतो. ख्रिस्ती माणसाच्या जीवनातील हा दरवर्षीचा नवा आरंभ होय. या दोन दिवसांच्या मधला काळ ख्रिस्तसभेने आपणांस कशासाठी दिला आहे? उपवास, प्रार्थना व दानधर्म ही उत्तरे सर्वांना पाठ आहेत. परंतु या तिन्हींच्या मुळाशी जे मनःपरिवर्तन असावयास हवे, त्याचा अर्थ आणि त्याची कसोटी यांविषयी पुष्कळदा अस्पष्टता आढळते. म्हणून हा विषय आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

मनःपरिवर्तन म्हणजे काय?

नव्या करारात यासाठी ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द येतो. बुद्धी व अंतःकरण यांची दिशा पालटणे हा त्याचा अर्थ. जुन्या करारातील ‘शूब’ हा हिब्रू शब्द अधिक साधा आहे. त्याचा अर्थ मागे फिरणे, परत येणे. दोन्ही शब्द केवळ भावना सांगत नाहीत. चुकीच्या वाटेने चाललेल्या माणसाला पाय दुखल्यामुळे वाईट वाटेल, पण तो वळला नाही तर घरी पोहोचणार नाही. खेद हा मनःपरिवर्तनाचा आरंभ आहे. वळणे आणि चालू लागणे हे त्याचे उर्वरित अंग आहे.

पवित्र शास्त्रातील क्रम

लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात जयंतीवर्षाचा नियम आहे. दर पन्नासाव्या वर्षी बंधनात असलेला माणूस मोकळा व्हावा आणि विकलेली वडिलोपार्जित भूमी मूळ कुटुंबाकडे परत जावी, अशी ती व्यवस्था. इस्राएलच्या सामाजिक जीवनातील हा सर्वांत मोठा नवा आरंभ होता. त्याची घोषणा करणारे रणशिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे, तेही तेथेच सांगितले आहे : सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी. आधी पापांचे प्रायश्चित्त आणि मग मुक्ततेची घोषणा, असा हा क्रम आहे.

गणना ग्रंथाच्या ५व्या अध्यायात याचे व्यावहारिक रूप दिसते. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले असेल त्याने पाप कबूल करावे, झालेली हानी पूर्ण भरून द्यावी आणि वर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा. कबुली आणि भरपाई यांची तेथे फारकत केलेली नाही.

स्नापक योहानाकडे लोक आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने कोणाला अरण्यात येऊन राहण्यास सांगितले नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये. शिपायांनी धाकदपटशा व खोटे आरोप सोडून आपल्या वेतनात समाधान मानावे (लूक ३:१०-१४). ज्याच्या त्याच्या धंद्यातच त्याचे प्रायश्चित्त त्याने दाखवून दिले.

जक्कयाची गोष्ट (लूक १९:१-१०) या सर्वांचा कळस आहे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. प्रभू येशू जक्कयाच्या घरी जातो तो जक्कयाने पैसे परत करण्यापूर्वी. कृपा आधी येते. ती विकत घ्यावी लागत नाही. मात्र ती कृपा घरात शिरताच जक्कय उभा राहतो, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ करतो आणि फसविलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. त्यानंतरच त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे प्रभू जाहीर करतो. परतफेड ही क्षमेची किंमत नाही, ती क्षमा खरोखर स्वीकारल्याची खूण आहे.

आद्य ख्रिस्तसभेची रीत

पहिल्या शतकांत स्नानसंस्कार इच्छिणाऱ्यांना दीर्घकाळ शिकवण दिली जाई. ‘प्रेषितीय परंपरा’ या प्राचीन ग्रंथात हा काळ सामान्यतः तीन वर्षांचा सांगितला आहे. शिकवण पूर्ण झाल्यावर उमेदवाराच्या आचरणाची चौकशी होई : त्याने विधवांचा मान राखला काय? आजाऱ्यांची विचारपूस केली काय? सत्कर्मे आचरली काय? ज्याने त्याला ख्रिस्तसभेत आणले, त्याला याची साक्ष द्यावी लागे. मूर्ती घडविणे, रिंगणातील प्राणघातक झुंजी यांसारखे धंदे सोडल्यावाचून प्रवेश नसे. प्रायश्चित्तकाळाची घडण या स्नानसंस्काराच्या तयारीतूनच झाली. आपणांपैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार बालपणी झाला. ती चौकशी आपली कधी झालीच नाही. दरवर्षीच्या प्रायश्चित्तकाळात ती आपणच आपली करावयाची असते.

आपल्या भूमीतील एक बोध

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. १७ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताचा तो भाग आहे. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्याविषयी वारकरी परंपरेत सांगितली जाणारी एक कथा येथील लहानथोरांना ठाऊक आहे. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी आपल्या थापटण्याने एकेकाचे मस्तक थोपटून पाहिले आणि नामदेवांचे मडके अद्याप कच्चे आहे असा निर्वाळा दिला. नामदेव देवाचे लाडके भक्त होते. नित्य त्याच्या सान्निध्यात असत. तरीही आतील अहंभाव गेला नव्हता. पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना बोध झाला, असे परंपरा सांगते.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेची २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रातील शिकवण आहे. त्या भावनेने आम्ही ही कथा घेतली. देवळात किंवा चर्चमध्ये नित्य असणे आणि आतून पालटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ती आपणांस सांगते. दर रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसणाऱ्यानेही हे थापटणे आपल्या मस्तकावर बसू द्यावे.

प्रायश्चित्तकाळ येतो त्या सुमारास आपल्या जिल्ह्यात हळदीची काढणी व शिजवणी चालू असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले आहे. हळद शिजली की नाही हे शेतकरी काडी टोचून पाहतो. नंतर ती दहापंधरा दिवस उन्हात वाळते आणि शेवटी पॉलिशच्या ढोलात जाते. कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ होते. पॉलिशने त्याला झळाळी येईल, पण शिजण्याची उणीव भरून निघणार नाही. आपले उपवास आणि क्रूसाच्या वाटेची भक्ती यांबाबतही हाच नियम लागू पडतो.

प्रायश्चित्त संस्काराचे चार भाग

१. पश्चात्ताप : पापाचा मनापासून तिटकारा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय.

२. पापनिवेदन : धर्मगुरूपाशी पापे स्पष्टपणे सांगणे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन महासभेपासून वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम आहे; आजच्या धर्मविधी संहितेचा ९८९वा नियम गंभीर पापांबाबत तेच बंधन घालतो. ९८३व्या नियमानुसार ऐकलेले पाप धर्मगुरू कोणत्याही कारणास्तव उघड करू शकत नाही.

३. पापक्षमा : ख्रिस्ताच्या अधिकाराने धर्मगुरूने दिलेली मुक्तता.

४. भरपाई : येथेच आपण सर्वाधिक कमी पडतो. धर्मगुरूने सांगितलेल्या चार प्रार्थना म्हटल्या की हिशेब मिटला, असे अनेकांना वाटते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मोपदेश’ या ग्रंथाच्या १४५९व्या परिच्छेदाची शिकवण वेगळी आहे. क्षमेने पाप जाते, परंतु पापाने घडलेले सर्व नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळविणे, दुखावलेल्यास भरपाई देणे हे साध्या न्यायाचेच मागणे आहे.

आत्मपरीक्षणासाठी काही प्रश्न

• नांगरताना शेजाऱ्याचा बांध कोरून आपण आपले शेत वाढविले आहे काय?

• बहिणीचा वाटा तिला दिला, की भावकीच्या दडपणाखाली तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र नसताना ख्रिस्ती आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांचा वाटा समान असतो.

• निंदणी-काढणीस आलेल्या बायांची मजुरी ठरल्याप्रमाणे व वेळेवर दिली काय?

• मापात, वजनात किंवा मालाच्या प्रतीत कोणाला फसविले काय?

• अडलेल्या माणसास व्याजाने पैसे देऊन त्याच्या गरजेचा फायदा घेतला काय?

• घरची मिळकत दारूत घालवून पत्नी व मुलांचे देणे थकविले काय?

• कोणाविषयी असत्य पसरविले आणि ते आजवर मागे घेतले नाही, असे आहे काय?

• सुनेच्या माहेराहून आणलेल्या पैशावर आपला संसार उभा आहे काय?

परतफेड कशी करावी?

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने याबाबत काही सुज्ञ मार्ग सांगितले आहेत. ज्याचे देणे आहे तो हयात असल्यास त्यालाच द्यावे. तो मरण पावला असल्यास त्याच्या वारसांना द्यावे. प्रयत्न करूनही त्याचा शोध लागत नसेल तर ती रक्कम गोरगरिबांच्या कारणी लावावी. एकदम देणे शक्य नसेल तर हप्त्याहप्त्याने द्यावे. प्रामाणिक निश्चय मात्र आजच करावा. आपले नाव उघड झाल्याने मोठा अनर्थ होण्याचा संभव असेल, तर नाव न सांगता विश्वासू मध्यस्थामार्फत परत करता येते. याबाबत पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूचा सल्ला घ्यावा. बदनामीची भरपाई पैशाने होत नाही. जेथे खोटे बोललो, त्याच माणसांसमोर खरे बोलावे लागते, आणि ते पैसे देण्यापेक्षा अवघड असते.

वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ५:२३-२४) आपण अनेकदा ऐकली आहे. या वाक्यात अर्पणाचा निषेध नाही. परत येऊन ते वाहावयाचेच आहे. फक्त त्याच्याआधी एका घराचा उंबरठा चढावा लागतो.

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी आहेत. आपला शेजारी आपला धर्मोपदेश वाचत नाही; तो आपला बांध, आपले माप आणि आपला शब्द पाहतो. म्हणून भाविकांना आमची विनंती आहे की, पवित्र सप्ताहापूर्वी प्रत्येकाने एक जुने देणे निवडावे आणि ते फेडण्यास आरंभ करावा. देणे पैशाचे असेल, जमिनीचे असेल किंवा मागावयाच्या राहिलेल्या क्षमेचे असेल. त्यानंतर पापनिवेदनास यावे आणि पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्ती हाती घेऊन स्नानसंस्काराची वचने उच्चारावीत.

जक्कयाच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला प्रभू आपल्याही घरी येवो आणि जे परत करावयाचे आहे ते परत करण्याचे धैर्य आपणां सर्वांस देवो.