हेरकथा आणि रुपेरी पडदा

दादासाहेब फाळके यांच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे चित्रपट १९१८ पासून नाशिक येथें तयार होऊं लागले. देव, दैत्य आणि पतिव्रता यांच्या कथा तेथें आकार घेत असतां, अमेरिकेंत १९२० सालीं 'ब्लॅक मास्क' नांवाचें एक स्वस्त मासिक निघालें. पुराणांतला नायक शापाशीं झुंजे. या मासिकानें पुढें आणलेला नायक रोजावर काम करी.

त्याचा एक प्रमुख जनक डॅशिएल हॅमेट हा स्वतः पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेंत नोकरी केलेला गृहस्थ. शेरलॉक होम्स राखेवरून माणूस ओळखतो. हॅमेटचा हेर दारें ठोठावीत हिंडतो, मार खातो आणि प्रसंगीं खोटेंहि बोलतो. कोडें सोडविण्यापेक्षां सडलेल्या शहरांत स्वतःचा शब्द राखणें हेंच त्याचें खरें संकट होय. 'मॉल्टीज फाल्कन' ही त्याची कादंबरी १९३० सालीं पुस्तकरूपानें आली. तिच्यावरून १९३१ व १९३६ सालीं निघालेले चित्रपट आज अभ्यासकांखेरीज फारसें कोणी पाहत नाहीं. १९४१ सालीं मात्र जॉन ह्यूस्टन यानें, दिग्दर्शनाच्या पहिल्याच प्रयत्नांत, पुस्तकांतील संवाद बव्हंशीं तसेच ठेवले. जिच्यावर मन जडलें तिलाच नायक पोलिसांच्या हवालीं करतो, हा शेवट त्यानें मऊ केला नाहीं. हम्फ्री बोगार्टच्या चेहऱ्यावर त्या क्षणीं विजयाची खूणहि दिसत नाहीं.

रेमंड चँडलरच्या 'बिग स्लीप'चें भाग्य निराळें. १९३९ च्या या कादंबरींतील मार्लो दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च घेतो. अश्लील पुस्तकांचा चोरटा धंदा हें कथेचें एक मर्म. पण हॉलिवूडच्या नीतिनियमांपुढें तें १९४६ च्या चित्रपटांत झांकावें लागलें, आणि मग कथेचे धागे अधिकच धूसर झाले. मोटारचालकाला कोणीं मारलें, हें खुद्द लेखकालाहि सांगतां आलें नाहीं, अशी आख्यायिका आहे. चित्रपट तरीहि रंगतो, तो संभाषणाच्या बळावर.

फाळके नाशिक येथें १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं निवर्तले. त्याच वर्षीं जेम्स केनच्या कादंबरीवरून बिली वाइल्डरनें 'डबल इन्डेम्निटी' काढला. त्यांत तर खून करणारा विमादलालच आपली हकीकत सांगतो.

मराठींत बाबूराव अर्नाळकरांनीं शेंकडों रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार कायद्याबाहेरचा, पण दिलदार. धनंजय होम्सच्या कुळांतला. रोजावर राबणारा थकलेला हेर त्यांच्या वाचकांना बहुधा रुचलाहि नसता. पडद्यावर मराठी रहस्याला घर आणि न्यायालय हींच अधिक मानवलीं. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनीं १९६४ सालीं 'पाठलाग' काढला, व त्यावरून राज खोसला यांनीं १९६६ सालीं हिंदींत 'मेरा साया' केला. त्यांतील नायकापुढचा प्रश्न खून कोणीं केला हा नाहीं. समोर उभी असलेली स्त्री आपली मृत पत्नी आहे कीं नाहीं, हा आहे.