रोल संपवण्यासाठी काढलेले फोटो : पुणतांब्याच्या रोजच्या जगण्याचा इतिहास



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आज मात्र इतिहासावर बोलायचं आहे, आणि आधार घ्यायचा आहे तो आमच्या एका जुन्या छंदाचा. रोल घालून फोटो काढण्याच्या छंदाचा. विषय हलका वाटेल. पण गावाच्या इतिहासाचं एक मोठं साधन आपल्या डोळ्यांदेखत नाहीसं होत चाललं आहे, ते सांगायला दुसरा सोपा रस्ता आम्हाला सापडला नाही.

पुणतांब्याला पाहण्याच्या प्रश्नाची परंपरा मोठी आहे. गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्या. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. त्यातला विचार द्रष्टा, दृश्य आणि दर्शन यांच्याभोवती फिरतो. आरशात तोंड पाहणारा कोण, दिसतं ते काय? वर्गात हे शिकवताना आम्ही फिल्मचं उदाहरण देत असू. उघडीप दिलेली पण अजून न धुतलेली फिल्म काढून पाहिली तर तिच्यावर काहीच दिसणार नाही. पण चित्र तिच्यात उमटलेलं असतं. रसायनात पडेपर्यंत ते दिसत नाही, एवढंच. मुलांना द्रष्टा-दृश्य लगेच कळे असं नाही, पण फिल्म कळे.

आता इतिहासाकडे येऊ. दागेरची फोटोग्राफी 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत 1854 मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची नावं या सुरुवातीच्या काळाशी जोडलेली आहेत. म्हणजे आपल्याकडचे लोक फोटोग्राफीत अगदी आरंभापासून होते. मात्र ते शहरातले, शिकलेले, पैसा असलेले. कॅमेऱ्यासमोर येत ते संस्थानिक, साहेब, लेणी, देवळं आणि निरनिराळ्या जातीजमातींचे 'नमुने'. शेतकरी समोर आला तर नमुना म्हणून आला, नाव घेऊन आला नाही.

दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली आणि पुणतांबा जगाशी जोडलं गेलं. फोटो मात्र गावात फार उशिरा रुळला. तो आधी तालुक्याला जाऊन 'काढून घ्यायचा' होता. आमच्या लहानपणी तालुका कोपरगाव. धुवट कपडे घालून, आगगाडीत बसून, रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसायचं. मागे कारंजं, राजवाड्याचा जिना. ज्या माणसाने जन्मात जिना चढला नाही त्याच्या मागे राजवाडा! फोटोग्राफर मग निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या कमी करी. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं आपल्या आज्या म्हणत. त्यामुळे कित्येक आज्यांचा पहिला फोटो निघाला तो निवडणूक आयोगाने 1993 मध्ये फोटो असलेलं मतदार ओळखपत्र आणलं, त्यानंतर. चेहरा टिकवावा म्हणून तो काढला नव्हता, ओळख पटावी म्हणून काढला होता. पुढे आजी गेल्या की घरचे तोच मोठा करून आणत, चंदनाचा हार घालून भिंतीवर लावत.

घरात कॅमेरा आला तो साध्या डबा कॅमेऱ्याच्या रूपाने. आगफा क्लिक थ्री पुष्कळांना आठवत असेल. 120 चा रोल, त्यात बारा फोटो. ऊन पाठीशी घ्यायचं, समोरच्याला हलू नको म्हणायचं आणि खटका दाबायचा. फिल्मसाठी उटीला सरकारी कारखाना होता, 1960 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स. तिच्या मालाचं नाव 'इंदू'. बारा फोटो म्हणजे बाराच. रोल विकत, धुणं विकत, प्रिंट विकत. त्यामुळे बटण दाबण्याआधी घरात चर्चा व्हायची. हे फोटो काढण्याजोगं आहे का? या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. बारसं, मुंज, लग्न, सत्कार, नवा ट्रॅक्टर. जुने अल्बम उघडून पाहा. गाव बारा महिने सणच साजरे करत होतं, असं वाटेल.

पण लग्न झालं, दहा फोटो झाले आणि दोन शिल्लक राहिले, की काय करायचं? रोल अर्धा धुवायला टाकता येत नाही. लग्नाचे फोटो पाहायची तर घाई. मग कोणी तरी म्हणायचं, संपव रे तो. आणि तो पोरगा समोर दिसेल त्याचा फोटो काढायचा. परसात भांडी घासणारी मावशी. गोठ्यातली गाय. मोरीपाशी पितळी बंब. चुलीपुढे पाठमोरी बसलेली आई. ओट्यावर तंबाखू मळणारा गडी.

मित्रहो, आमचं म्हणणं असं, की गावाच्या रोजच्या जगण्याचा इतिहास या शेवटच्या दोन फोटोंत आहे. लग्नाचे दहा फोटो कोणत्याही गावचे असू शकतात. शेवटच्या दोघांत मात्र घर सापडतं. बंब कुठे होता, पाणी कशात भरत, जमीन शेणाची की शहाबादीची, वायर भिंतीवरून कशी आली होती, आईच्या लुगड्याला ठिगळ कुठे होतं. यातलं काहीही दाखवायचं म्हणून दाखवलेलं नाही. कोणी पोझ दिली नाही. म्हणून त्याची साक्ष जास्त खरी.

रोजचं जगणं पाहण्याजोगं असतं, हे आपल्याकडे फार पूर्वी एका माणसाला कळलं होतं. आपल्याच गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. ते मुळात फोटोग्राफर. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. राजा नंतर आला, वाटाणा आधी.

आमचा छंद याच वाटेने वाढला. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, जंक्शनवर गाडीची वाट पाहणारी माणसं, साखर कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या बैलगाड्या. रोल घरीच धुवायचा तर पाणी वीस अंशांच्या आसपास हवं. नगर जिल्ह्यातल्या वैशाखात ते आणायचं कुठून? पाणी गरम असलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, सुरकुततो. मग रात्र होऊ द्यायची आणि माठातलं पाणी वापरायचं. भारनियमनात वीज गेली की डार्करूम आपोआप तयार, फक्त एन्लार्जर चालायचा नाही. या कष्टांचा एक फायदा होता. एक निगेटिव्ह तासभर डोळ्यांपुढे राही आणि काढताना न दिसलेलं तेव्हा दिसे.

आणि काय नाही, तेही दिसे. कॅमेरे ज्यांच्या घरी होते त्यांच्याच अंगणातल्या उरलेल्या चित्रांतून इतिहास बनणार असेल, तर ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता त्यांचं काय? ऊसतोडीला आलेली कुटुंबं गावाबाहेर कोपी घालून राहत, हंगाम संपला की जात. त्यांची मुलं फोटोत आली तर कोपऱ्यात, अर्धी कापलेली. गावकुसाबाहेरची वस्ती मिरवणुकीच्या फोटोत मागच्या रांगेत येते. तेव्हा रिकाम्या जागा हाही पुरावा आहे, तोही वाचायला शिकलं पाहिजे.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, सगळ्यांकडे आहे, प्रश्न मिटला. 1 जून 2017 ला पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रं देशभर गेली. गाव असं कधीच दिसलं नव्हतं. ती चित्रं राहतील. पण त्याच दुधाची रोजची पहाट? धार काढणारा हात, संकलन केंद्रावरची रांग, फॅट किती लागलं म्हणून पावतीकडे पाहणारा चेहरा? ज्या रोजच्या हिशेबातून संप उभा राहिला, तो हिशेब त्या चित्रांत नाही. मोबाइलने संख्या वाढवली, पण काय फोटोजोगं हा जुना निवाडा तसाच राहिला. उलट रोल संपवायची सक्ती गेली, आणि तिच्याबरोबर ते उरलेले दोन फोटोही गेले.

रोलां बार्थ नावाच्या फ्रेंच विचारवंताने आई गेल्यावर फोटोग्राफीवर एक पुस्तक लिहिलं. ते 1980 मध्ये आलं. सगळं पुस्तक आईच्या एका लहानपणच्या फोटोभोवती फिरतं, आणि तोच फोटो त्यात छापलेला नाही. इतरांना तो साधाच दिसेल, असं त्याचं कारण. आपल्या ट्रंकांमधले फोटो असेच आहेत. ही पाठमोरी बाई कोण, हे सांगणारं माणूस आहे तोवर तो फोटो बोलतो. ते माणूस गेलं की उरते एक चूल आणि एक पाठ.

म्हणून आमची विनंती अगदी व्यवहाराची आहे. जुने स्टुडिओ बंद होतात, निगेटिव्हचे गठ्ठे चांदीच्या लोभाने भंगारात जातात. कोणाच्या ओळखीचा स्टुडिओ असेल तर आधी तिथे जा. घरातल्या निगेटिव्ह प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नाव, जागा, अंदाजे साल लिहा. शाई पलीकडे उतरते. आणि हे काम घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून करा, या दिवाळीच्या सुट्टीत करा. भाड्याने राहून गेलेल्यांची, गड्यांची, तोडीवाल्यांची नावंही विचारा. ती कोणाला तरी आठवत असतात.

आमच्या पिढीकडे ही नावं अजून आहेत. कागद कोरा जाऊ देऊ नका, एवढंच सांगायचं होतं.