ब्रसेल्सची मेजवानी आणि आमचे बटाटेवडे

आमच्या हिची पहिली कादंबरी छापून झाली, त्या दिवशी प्रकाशक घरी आले आणि चहाचा घोट घेत म्हणाले, "आता एक छोटासा समारंभ करून टाकू." 'करून टाकू' या क्रियापदाचा कर्ता कोण, हे व्याकरणाला सांगता येत नसले तरी प्रकाशनाच्या धंद्यात ते सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या दिवसापासून मी हॉल, हार, माईक, अध्यक्ष आणि बटाटेवडे यांच्या मागे धावू लागलो. गोष्ट १९८४ सालची.

माझा स्वभाव असा, की कोणतेही काम अंगावर पडले की मी आधी त्याचा इतिहास पाहतो. त्यामुळे काम थोडे लांबते आणि आपण काहीतरी करतो आहोत असेही वाटते. तेव्हा कादंबरी निघाली की लोकांना खायला घालायची ही चाल कुणी पाडली, हे शोधायला मी वाचनालयात जाऊन बसलो. (वडेवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा राहिला, तो हिने दिला.)

आपल्याकडे फारसे हाती लागेना. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चे नाव घेतात. ती निघाली १८५७ साली. साल पाहता समारंभाला पाहुणे जमले असते असे वाटत नाही. शिवाय विषय विधवांच्या हालांचा. वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, नेमके त्यांनाच पहिल्या रांगेत बसवावे लागले असते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही 'करमणूक' पत्रातून आठवड्या-आठवड्याने बाहेर पडत गेली. आता दर आठवड्याला नारळ कोण फोडणार?

अस्सल दाखला सापडला तो थेट बेल्जियममध्ये. साने गुरुजींनी 'दुःखी' या नावाने मराठीत आणलेली व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी १८६२ साली ब्रसेल्सच्या अल्बेर लाक्र्वा नावाच्या प्रकाशकाने काढली. या लाक्र्वाचे वय तिशीच्या आतले. ह्यूगो त्या वेळी नेपोलियन तिसऱ्याशी वैर पत्करून देशाबाहेर, गर्न्सी बेटावर राहत होता. कादंबरी त्याने १८४५ सालीच लिहायला घेतली होती. मध्ये क्रांती झाली, सत्तापालट झाला, परागंदा व्हावे लागले; पुस्तक आपले पेटीत. लाक्र्वाने या पुस्तकासाठी तीन लाख फ्रँक कबूल केले. पैसे खिशात नव्हते, ते बँकेकडून कर्जाऊ काढले. आणि कादंबरी? ती त्याने वाचलेलीच नव्हती! करार झाला तेव्हा हस्तलिखिताचे एक पानही त्याच्या नजरेखालून गेले नव्हते.

हे वाचून मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. का वाटली, ते पुढे येईल.

मार्चअखेर पहिला भाग निघाला. १५ मेला पुढचे दोन भाग पॅरिसमध्ये विक्रीला आले, तेव्हा दुकानाचे दार उघडण्याआधीच रस्त्यावर गाड्या आणि माणसे यांची अशी दाटी झाली, की आपल्याकडे रॉकेल आल्याची बातमी फुटल्यावरच व्हावी. जूनअखेर शेवटचे भाग आले. आणि हे सारे पार पडल्यावर, १६ सप्टेंबरला, लाक्र्वाने ब्रसेल्समध्ये ह्यूगोला मोठी मेजवानी दिली. शहराचे महापौर आले, संसदेचे अध्यक्ष आले, देशोदेशीचे पत्रकार आले. ह्यूगो भाषणाला उठला आणि बोलला ते मुख्यतः वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याविषयी. पोलीस पाठीशी लागलेल्या माणसाची कादंबरी लिहिणाऱ्याला ते शोभलेही. भाकरीच्या चोरीपायी ज्याचे आयुष्य नासते अशा जाँ व्हालजाँच्या नावाने शाही जेवण झोडणे बरे दिसले का, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. पण ह्यूगोने त्याची तजवीज आधीच केली होती. त्याच साली मार्चपासून गर्न्सीच्या घरी तो दर आठवड्याला गरीब मुलांना जेवायला घालत होता. सुरुवातीला थोडीच मुले येत, पुढे त्यांची संख्या वाढत गेली.

मला मौज वाटली ती क्रमाची. तिथे आधी लोकांनी कादंबरीचा फडशा पाडला, मग जेवण झाले. आपल्याकडे आधी वड्यांचा फडशा पाडायचा, कादंबरीचे मग पाहू. ब्रसेल्सची पंगत म्हणजे पास झाल्याचे पेढे. आपली, मूल शाळेत घालतानाच वाटलेले.

असो. आमचा समारंभ ठरल्याप्रमाणे सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा सुरू झाला. पुस्तके रंगीत कागदात बांधून वर सॅटिनची फीत लावली होती. ती गाठ मी बांधलेली. अध्यक्षांनी नखांनी प्रयत्न केला, दातांचा विचार केला आणि शेवटी प्रेक्षकांतून कुणीतरी नेलकटर पाठवले. अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यांचे बालपण, शिक्षण आणि सरकारी नोकरी एवढे आटोपल्यावर वेष्टनावरचा मजकूर त्यांनी स्वतःचे मत म्हणून वाचून दाखवला.

पण अध्यक्षांना मी कोणत्या तोंडाने हसू? प्रास्ताविक माझ्याकडे होते. मी ब्रसेल्सपासून सुरुवात केली, ती चांगली रंगली. मग ओघात म्हणालो, "अशी ही सोशिक नायिका सगळे सोसून अखेर आपला संसार सावरते." टाळ्या पडल्या. व्यासपीठावर ही माझ्याकडे वळून पाहत होती. सत्ताविसाव्या लग्नतिथीपर्यंत ती नजर माझ्या पाहण्यात आली नव्हती. नायिका कादंबरीच्या मध्यावरच घर सोडून जाते, हे मला मागाहून कळले.

रात्री घरी आलो. चाळीस प्रती नेल्या होत्या, खपल्या अकरा. त्यांतल्या दोन मीच भाच्याकडून घेवविल्या होत्या. वडे मात्र एकही उरला नव्हता. ही साडीची पिन काढता काढता म्हणाली, "अहो, तुम्ही वाचली नाहीत ना?"

मी म्हटले, "अगं, लाक्र्वानेसुद्धा तीन लाख फ्रँक…"

"त्यानं पैसे मोजले होते. तुम्हाला फुकट मिळाली होती." मग जरा थांबून म्हणाली, "आठ वर्षं लिहीत होते मी. दुपारी, त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तुम्हाला काय वाटायचं?"

खरे सांगायचे तर मला वाटायचे, ही दूधवाल्याचा हिशेब लिहितेय. पण ते काही मी बोललो नाही.

ती आत जाऊन पडली. मी नेलकटरने आणखी एक गठ्ठा सोडवला (नेलकटर कुणाचे, ते अजून कळलेले नाही) आणि त्याच टेबलाशी वाचत बसलो. सुरुवातीची पाने मी नवऱ्याच्या नजरेने वाचली, म्हणजे छपाईच्या चुका शोधत. मग ते सुटले. साडेअकरा झाले, एक वाजला. कादंबरीत एक नवरा होता. माणूस वाईट नव्हता. घरात नळ गळायला लागला की तो आधी पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगायचा आणि फडके गुंडाळायला बायको जायची. हे असे तीनशे पानांपैकी निम्मी पाने. मग एका दुपारी ती नळ तसाच गळता ठेवते, पिशवी उचलते आणि स्टेशनावर जाते.

मी दिवा न मालवता आत गेलो.

"झोपलीस का गं?"

"नाही," अंधारातून लगेच उत्तर आले. "कितव्या पानावर आहात?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

ती उठून बसली. "मग?"