ख्रिस्ती विद्यार्थी सहभागिता (वऱ्हाड)

बायबल-अभ्यास, प्रार्थना आणि सेवा यांसाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन चालविलेले मंडळ. विद्यार्थिदशेत रुजलेली श्रद्धा आयुष्यभराच्या सेवेला वळण देते, याचे वऱ्हाडातील जुने उदाहरण म्हणजे जेनी फुलर. अमेरिकेतील ओबरलिन येथे शिक्षण घेऊन त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आल्या आणि पती मार्कस फुलर यांच्यासह अकोल्यात कार्यरत राहिल्या. भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील त्यांच्या ग्रंथाला (१९००) पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे.

भारतात ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ १९१२ मध्ये, तर ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ १९५४ मध्ये स्थापन झाली. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेले ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ हे धर्मशिक्षणाचे केंद्र १९८३ मध्ये पुण्यास हलले.

सहभागितेत विद्यार्थी स्वतः वचनपठण घेतात, शिबिरे भरवतात आणि एकमेकांच्या अडचणींत साथ देतात. गाव सोडून अमरावती-अकोल्यास शिकायला आलेल्यांना असा आधार मोलाचा ठरतो. पदवीनंतर हीच माणसे शाळा, रुग्णालये व मंडळ्यांत जबाबदारी घेतात. दशमांश व वर्गणीतून पुढील पिढीचे कार्य चालवतात.

मृत्युपत्राद्वारे दान हा या परंपरेचा पुढचा टप्पा होय. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ११८ नुसार जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या धर्मादाय मृत्युपत्रावर कडक अटी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले.