प्रस्तावना : रानफळांच्या अभ्यासाकडे

चैत्र-वैशाखात कसाऱ्याच्या बाजूला करवंदांचे द्रोण विकायला येतात. मग आळू आणि मृगाच्या तोंडावर जांभळे. कोणते झाड केव्हा पिकते, कोणाचे फळ गोड आणि कोणाचे तुरट, हे शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांत पोरासोरांनाही ठाऊक असते. फळबागशास्त्राने मात्र आंबा-काजूइतके लक्ष या झाडांना दिले नाही. हे काम हाती घेऊ पाहणाऱ्या नव्या अभ्यासकाचे इथे स्वागत आहे.

शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते. वरकस जमिनी मात्र दिवाळीनंतर कोरड्या पडतात. नाचणी-वरीपलीकडे तिथे फारसे पिकत नाही. जांभूळ, मोह, भोकर, करवंद यांना सुरुवातीची काही वर्षे जपले की पुढचे उन्हाळे ती आपल्या बळावर काढतात. लागवडीचा विचार इथूनच सुरू करावा.

बीपासून उगवलेल्या दोन जांभळांची फळे सारखी निघतीलच असे नाही. एकात नुसती बी, तर दुसऱ्यात भरपूर गर. म्हणून मातृवृक्षाची निवड हे पहिले काम. बीच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे जातात, कलमाला त्याहून बरीच कमी. कोकमात नर-मादी झाडे वेगळी असतात आणि रोपावरून ती ओळखू येत नाहीत. मादी झाडाचे कलम बांधले की तो जुगार टळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ हे जांभूळ आणि ‘कोकण बोल्ड’ हे करवंद दिले. बहाडोली आज पालघर जिल्ह्यात आहे. 2014 पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. बहाडोलीच्या आणि मुरबाडशेजारच्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मात्र पिकलेले जांभूळ दोन-तीन दिवसांत उतरते. तेव्हा गर, सरबत, शिरका, बियांची पूड हे गावाजवळच व्हायला हवे. भोकराचे आणि कच्च्या करवंदाचे लोणचे, मोहाच्या बियांचे तेल यांचीही वाट तीच. शहापुरातल्या आदिवासी तरुणांच्या संस्थेने वनधन योजनेतून गुळवेल दूरच्या बाजारात पोहोचवली. गुळवेल हे फळ नसले, तरी गोळा करणाऱ्यांची संघटना काय करू शकते हे त्यातून कळते.

एक पथ्य मात्र पाळावे. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये गौण वनोपजावरचा ग्रामस्थांचा हक्क मान्य केला. चांगल्या झाडाची माहिती बहुधा याच लोकांकडून मिळते. त्यामुळे कलमाची काडी कापण्याआधी त्यांची संमती घ्यावी आणि तयार झालेली पहिली कलमे त्यांच्याच बांधावर लावावीत. शिवाय एकाच वाणाच्या बागा उठवून रानातले वैविध्य घालवू नये. उद्याचा वाण त्यातूनच निवडायचा आहे.