फराळाच्या ताटात नानकटाई कशी आली? भट्टी, बाटणं आणि वर्ध्याचा गोरसपाक

हेडफोन लावलेत? मग आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. दिवाळीच्या फराळाचं ताट डोळ्यासमोर आणा. चकली, शेव, चिवडा, करंजी, अनारसे, शंकरपाळे, लाडू. जवळजवळ सगळं कढईतलं, एक तर तळलेलं नाहीतर परतलेलं. आणि कडेला शांतपणे बसलेली नानकटाई. ताटातली ही एकटीच भट्टीतून आलेली.

आता गंमत बघा. आपल्या आजी-पणजीच्या घरात चूल होती, शेगडी होती, नंतर स्टोव्ह आला, गॅस आला. ओव्हन मात्र नव्हता. मग घरात जो पदार्थ भाजताच येत नव्हता, तो घरच्या सणाचा कसा झाला? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. आणि उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्या सिंदी मेघेला खेटून असलेल्या वर्धा शहरात आहे, बरं का.

आधी थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर १८९०, पुणे. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, पुण्यातल्या काही नामवंत मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावतात. व्याख्यान झाल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं येतात. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. आलेल्यांमध्ये लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नंतर हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि शहरात वादळ उठलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचं खाल्लं म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्तं झाली. इतिहासात हे 'पंचहौद चहा प्रकरण' किंवा 'ग्रामण्य' म्हणून ओळखलं जातं.

एका बिस्किटावरून एवढं? हो. कारण प्रश्न चवीचा नव्हताच. प्रश्न हा होता की हे कुणी मळलं, कुणाच्या भट्टीत भाजलं, आत काय घातलं. पावाबद्दलचा संशय तर त्याहून जुना. पोर्तुगीजांनी गोव्यात पाव आणला, पण यीस्ट नव्हतं, म्हणून पीठ फुगवायला माडाची ताडी वापरायचे. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गावच्या गाव बाटलं, अशा गोष्टी कोकणपट्टीत आजही सांगतात. म्हणजे भट्टीतला पदार्थ उंबरठ्यातून आत यायला तीन अडथळे होते: ताडी, अंडं आणि परका हात.

आता नानकटाईकडे या. नावातला 'नान' फारसी, म्हणजे रोटी किंवा पाव. सुरतेत अशी गोष्ट सांगतात: डच व्यापारी तिथून निघून गेले, त्यांची भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली. गोरी गिऱ्हाइकं गेल्यावर पाव खपेना. मग वाळलेला पाव, बटर, बिस्किटं असे टिकाऊ प्रकार चालू झाले आणि आसपासच्या गिऱ्हाइकांसाठी ताडी आणि अंडं वगळून नानकटाई आकाराला आली. गोष्टीत मीठमसाला असेल, पण तर्क पक्का आहे. साहित्य बघा ना: तूप, साखर, मैदा, थोडं बेसन, वेलची. हे तर बेसनाच्या लाडवाचेच नातेवाईक! तीनपैकी दोन अडथळे गेले.

राहिला परका हात. त्यावर घरोघरच्या बायकांनी जो तोडगा काढला, तो माझ्या मते आपल्या खाद्यइतिहासातला सगळ्यात हुशार तोडगा आहे. साहित्य आपलं, भट्टी त्यांची! दिवाळीच्या आधी तूप नाहीतर डालडा, पिठीसाखर, मैदा, रवा असं सगळं मोजून पिशवीत घालायचं आणि बेकरीत जायचं. 'बिस्किटं पाडून आणायची' हा शब्दप्रयोग तुमच्याही घरात ऐकला असेल. तिथे कारागीर पीठ मळणार, ट्रेवर बिस्किटं पाडणार, भट्टीत सारणार. आपण नंबर लावून बाकड्यावर बसायचं आणि ट्रे बदलू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहायचं. शेवटी भाजणावळ किलोवर द्यायची आणि गरम बिस्किटांचा पत्र्याचा डबा घरी.

भट्टीवरचे कारागीर बहुतेक वेळा दुसऱ्या धर्माचे, कधी दुसऱ्या मुलखाचे. दोन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या हातचं खाल्ल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं, त्यांच्याच हातात लोक लक्ष्मीपूजनाचा फराळ देऊ लागले. यासाठी कुणी परिषद भरवली नाही की पत्रक काढलं नाही. पिशवीभर मैदा आणि रांगेतला नंबर, एवढ्यावर हे झालं. ग्रामण्यावर पुस्तकं लिहिली गेली, या रांगेवर फारसं कुणी लिहिलं नाही.

डालड्याचं नाव आलं, तर त्यावर थांबू. लिव्हर कंपनीचा डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. तुपापेक्षा स्वस्त, टिकाऊ, आणि बिस्किटं खुसखुशीत करणारा. नानकटाई साध्या घरांना परवडू लागली त्यात त्याचा वाटा मोठा. पण वनस्पती तुपाला कडाडून विरोध करणारा माणूस त्याच काळात वर्ध्याजवळ राहत होता. गांधीजी!

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचं केंद्र बनली. जमनालाल बजाज यांनी जागा दिली, जे. सी. कुमारप्पांनी काम उभं केलं. जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, गूळ, हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग इथे चालायचे. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. आणि हा माणूस बेकिंगमध्ये नवखा नव्हता! जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी बेकरीचा पाव बंद करून, जर्मन निसर्गोपचारक कूने यांच्या पद्धतीचा, न फुगवलेला कणकेचा पाव घरीच भाजायला सुरुवात केली होती. त्यासाठी ७ पौंडांना हाताने फिरवायची चक्की घेतली. ती ते स्वतः, मित्र पोलाक आणि मुलं मिळून फिरवायचे. हे त्यांनी आत्मकथेतच सांगितलंय.

जमनालालजींनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेच्या कामाला दिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यातच ते गेले. गाईच्या दुधाला बाजार मिळाला तरच शेतकरी गाय पाळेल, हा या कामामागचा हिशेब. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ गाय मुळात नावाजलेली ती बैलांसाठी. दूध जास्त नाही, मग त्याला भाव तरी चांगला मिळायला हवा. याच विचारातून वर्ध्यात गोरस भांडार उभं राहिलं, आणि तिथला गोरसपाक वर्ध्याची ओळख झाला. गाईचं तूप आणि कणीक घालून भाजलेला, जाडसर, खुसखुशीत. नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांकडे जाताना त्याचा डबा नेतात ना, तोच.

जरा विचार करा. १८९० ला पुण्यात बिस्कीट म्हणजे बाटणं. आणि पुढे वर्ध्यात तोच भट्टीचा प्रकार गाईच्या तुपात, खादीच्या माणसांच्या हातून, सात्त्विक खाऊ म्हणून येतो. भट्टी बदलली नाही. तिच्याभोवतीचा विश्वास बदलला.

आता आजचं बोलू. ओव्हन घरात आलाय, नाहीतर कुकर आहेच. मोबाइलवर व्हिडिओ बघून केक शिकणाऱ्या, आयसिंगची फुलं काढणाऱ्या मुली-मुलं गावोगावी आहेत. त्यांना माझा सल्ला, पहिला धडा नानकटाईचा गिरवा. घट्ट तूप आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत फेसा. सगळी मेहनत इथेच. मग दोन वाट्या मैद्याला पाव वाटी बेसन, चमचाभर रवा, वेलची, चिमूटभर सोडा. पीठ हलक्या हाताने गोळा करा, पोळीसारखं मळू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप पातळ होतं आणि बिस्किटं ट्रेवर पसरतात, म्हणून गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. १६० ते १७० अंशांवर साधारण वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नका, गार झाल्यावर कडक होतात. कुकरमध्ये करायची तर तळाशी मीठ, वर जाळी, शिट्टी आणि रिंग काढलेली, पाणी अजिबात नाही.

आणि सजावट? तीही जुनीच कला आहे. नानकटाईवर सुरीने फुली, मध्ये चारोळी किंवा पिस्त्याचा काप. वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला मार्झिपान करतात. मूळ युरोपातला पदार्थ बदामाचा. इथे बदाम महाग म्हणून काजू आला, आणि साच्यात दाबून त्याची फुलं, मासे, फळं होतात. त्याच ताटात नेवऱ्याही असतात, म्हणजे आपल्या करंजीची बहीणच. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.

घरच्या ओव्हनमुळे सोय झाली, काहींना त्यातून कमाईही सुरू झाली, हे चांगलंच. पण बेकरीच्या बाकड्यावरची ती रांग मात्र आखूड होत चाललीय. ज्या कारागिराला थर्मामीटरशिवाय, नुसता हात भट्टीच्या तोंडाशी नेऊन आच कळते, त्याच्याशी आपली गाठ आता पडत नाही. त्या रांगेत फक्त बिस्किटं भाजली जात नव्हती.

तर या दिवाळीला एक काम करा. घरी जरूर बनवा, पण एक किलोचं सामान जवळच्या जुन्या बेकरीत घेऊन जा. बाकड्यावर बसा. कारागिराला विचारा, तो हे कुणाकडून शिकला. सांगेल तसं रेकॉर्ड करा, अर्थात त्याची परवानगी घेऊन. आणि घरातल्या आजीला, मावशीला विचारा, पहिल्यांदा बिस्किटं पाडायला कुठे आणि कुणाबरोबर गेली होतीस? या इतिहासाचं बरंचसं पान अजून कोरं आहे, आणि ते भरायला तुमचा फोन पुरे.

भेटू पुढच्या भागात. तोवर डब्याचं झाकण घट्ट लावा, नाहीतर नानकटाई सादळेल!